‘चावा’ हा शब्द तुझा नव्हता

सुकवंता मावशी,

उद्या तुझी तेरवी, आणि मी अजून तुझ्यावर चिडलेली आहे. इतक्या लवकर कोणी जातं का, असं सगळे म्हणतात. ते मी म्हणणार नाही. माझं भांडण वेगळं आहे. आपलं एक बोलणं अर्धं राहिलं होतं. त्यात चूक माझी होती. ती कबूल करायला मला उशीर लागला हे खरं, पण तू थोडी थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

इतके दिवस तुझ्या अंगणातल्या सतरंजीवर बसून लोकांचं ऐकते आहे. ‘शांत बाई होती.’ ‘कोणाच्या अध्यात ना मध्यात.’ कॉलेजातून आलेले एक सर म्हणाले, फार साधी होती, दिलं ते काम करायची. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात तुझ्या सुनेने माझा हात दाबला. ती मला ओळखते. शांत? खाडीच्या गुडघाभर चिखलात उभी राहून, चाळीस मुलांसमोर, ‘हे मोरस नाई सर, हे माचूळ होय. मोरस असन तर पानं कुठं आहेत ते दाखवा’ असं म्हणणारी बाई शांत? सरांना पानं दाखवता आली नाहीत, कारण माचुळाला पानं दिसतच नाहीत, नुसते कांड्याकांड्यांचे हिरवे दांडे. सरांनी वहीत खोडलं आणि आम्हाला ओरडले, लिहा, बघता काय.

हा कागद उद्या तुझ्या दारात जमणाऱ्यांच्या हातात पडणार आहे, म्हणून तुला पाठ असलेल्या काही गोष्टी पुन्हा लिहाव्या लागतील. आपल्या जिल्ह्यात धान आहे, तलाव आहेत, जंगल आहे, समुद्र नाही. तरी वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला खाऱ्या जमिनीतल्या वनस्पती आहेत, त्यामुळे हिवाळ्यात अर्जुनी मोरगावच्या आमच्या कॉलेजची सहल दीड दिवस गाडीत बसून कोकणातल्या एका खाडीवर जाते. मुली असल्या की सोबत एक बाई कर्मचारी हवी, असा नियम. विभागात बाई एकच, प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणारी, तू. म्हणजे खारं पाणी पिऊन जगणारी रानटी झाडं ओळखायला तुला कोणी नेलं नव्हतं. आमच्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे का, ते बघायला नेलं होतं.

पहिल्या वर्षीची घोळीच्या भाजीची गोष्ट तू दर वर्षी गाडीत सांगायचीस, आणि दर वर्षी तुझंच हसू तुला आवरायचं नाही. मी तुझ्या तोंडून ती तीनदा ऐकली, एकदा सहलीत आणि दोनदा तुझ्या घरी. खाडीच्या काठावर चिखलात पसरलेली, मांसल पानांची, लालसर देठांची वेल तुला दिसली. तू म्हणालीस, अगं माय, घोळ! आपल्याकडे धानाच्या बांधावर असते तीच. चार पोरींच्या ओढण्या भरून तोडली. कोकणातल्या जेवणावर तुझा विश्वास नव्हता, त्यामुळे घरून तांदूळ आणि लाखोरीची डाळ नेलेली होतीच. मुक्कामाच्या घरी डाळ-घोळ शिजली, तू नेहमीसारखं मूठ वाकडी करून मीठ टाकलंस, आणि पहिल्या घासाला सगळी पंगत नळाकडे पळाली. ज्या बाईच्या घरी उतरलात ती दारात उभी राहून पोट धरून हसत होती. ही घोळ नव्हे गो, धापा, म्हणाली. उकडून पाणी टाकायचं आणि मिठाच्या डब्याला हात लावायचा नाही.

दुसरी कोणी असती तर ओशाळून गप्प बसली असती. तू दुसऱ्या दिवशी त्याच बाईला घेऊन खाडीवर गेलीस. तिला विचारलंस, अजून काय काय आपल्यासारखं दिसते, पण आपलं नाही? त्या एका प्रश्नावर तू पुढे इतकी वर्षं काढलीस. तुझी सगळी विद्या त्या नासलेल्या डाळीतून आली, मावशी. हे मी कौतुकाने म्हणते आहे. पुस्तकातून शिकलेल्या सरांना प्रत्येक झाड ओळखीचं वाटायचं. तुला प्रत्येक झाडाचा आधी संशय यायचा.

मी सहलीला आले तेव्हा तू मुरलेली होतीस. तुझ्याकडे ती लाकडी जाळीची चौकट असायची, जिच्यात रद्दी कागदांमध्ये झाडं दाबून सुकवतात. खाडीची मांसल झाडं त्या कागदात सुकत नाहीत. आमच्या आधीच्या एका तुकडीचा धापा म्हणे अर्जुनीला आणून चौकट उघडली तरी हिरवा होता, कागदातच त्याला नवी पानं फुटली होती. तू तोड काढलीस: दाबायच्या आधी उकळत्या पाण्यात एक बुचकळी. मुक्कामाच्या घरची चूल त्यासाठी मागायला तू मला पाठवलंस. मी म्हटलं, सरांना सांग ना मागायला. तू म्हणालीस, ‘सर मागतीन तर ती त्यांले चहा देईन. मले पानी पाहिजे.’

आणि मग तुझी ती परीक्षा. भरती ओसरल्यावर तू आम्हाला ओळीने उभं करायचीस. प्रत्येकीच्या हातात एकेक पान. हे झाड मीठ कुठं ठेवते ते सांगा, बाकीचं नंतर. तिवराच्या पानावर मिठाची बारीक पूड दिसते. ते मीठ पिते आणि पानावाटे बाहेर टाकते. धापा, मोरस, माचूळ पोटात साठवतात, फुगतात. कांदळ मुळापाशीच अडवतो, आत फारसं येऊच देत नाही. तुझ्या भाषेत: एक ओकते, एक भरते, एक दारातूनच वापस करते. विद्यापीठाच्या पुस्तकात याच तीन गोष्टींना तीन लांबलचक शब्द आहेत. ते मी परीक्षेत लिहिले आणि विसरले. तुझे अजून विसरले नाही. तेव्हाच तू माझ्याकडे बघून म्हणाली होतीस, ‘प्रणाली, तू तिवर होय वो. पोटात काईच राहत नाई तुह्या.’ सगळ्या पोरी हसल्या. मला राग आला. अजून येतो, कारण खरं आहे.

आता जे लिहायचं आहे त्याकडे येते.

कॉलेज संपल्यावर मी नवेगाव बांधच्या संघटनेत काम करू लागले. तलावावर मासेमारी करणाऱ्यांचे प्रश्न, वनहक्काचे दावे, बंद पडलेल्या एसटीच्या फेऱ्या. पत्रकं मी लिहायचे. तिथल्या दादांनी मला तीन गोष्टी शिकवल्या होत्या. मथळ्यात क्रियापद पाहिजे. एका ओळीत तीन शब्दांपेक्षा जास्त नकोत. आणि छापलेलं मागे घ्यायचं नाही. मी हुशार विद्यार्थिनी होते. तिन्ही गोष्टी मुरवून घेतल्या.

त्याच सुमारास कॉलेजने एक पुस्तिका काढली. ‘खाडीकाठच्या क्षारसहिष्णू वनस्पती: ओळख.’ मी ती ग्रंथालयात उभ्याउभ्या वाचली आणि माझे कान तापले. पान दुसऱ्यावर तुझे तीन वर्ग. पान चौथ्यावर घोळ आणि धाप्यातला फरक. पान पाचव्यावर उकळत्या पाण्याची बुचकळी, ‘विभागाने विकसित केलेली पद्धत’ म्हणून. मुखपृष्ठावर दोन सरांची नावं. आत तुझं नाव शोधलं. आभारात प्राचार्य होते, संस्था होती, टंकलेखक होता. तू नव्हतीस. विभागाने विकसित केलेली! विभागाने तर पहिल्या वर्षी मीठ टाकून खाल्लं होतं.

मी तशीच तुझ्या घरी आले. तू परसात वाळत घातलेल्या कुरड्या उलटवत होतीस. मी पुस्तिका समोर धरली आणि तावातावाने बोलत सुटले. तू एक कुरडी हातात घेऊन उन्हात बघितलीस, वाळली का ते, आणि म्हणालीस:

‘माह्यं नाव कायले पाहिजे? त्या झाडाले तरी कुठं माहीत आहे त्याचं नाव.’

मी म्हटलं, झाडाला पेन्शन नाही, झाडाला अपमान नाही, तुला आहे. तू म्हणालीस, ‘मले नोकरीची अजून काही वर्षं काढायची आहेत बाई.’ आणि मग, जरा वेळाने, पुस्तिका मागून घेतलीस. चष्मा लावून पाचवं पान वाचलंस. ‘बरोबर लिहलं आहे,’ म्हणालीस. तुझ्या चेहऱ्यावर समाधान होतं. ते बघून मला अजूनच संताप आला. तुझं चोरलेलं बरोबर छापलं याचा तुला आनंद. नावापेक्षा मजकूर बरोबर असणं तुला मोठं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. खरं तर आत्ता लिहिताना कळतं आहे.

तू नको म्हणाली होतीस, तरी मी पत्रक काढलं. गोंदियाच्या छापखान्यात. मथळा मोठ्या काळ्या अक्षरात: ‘चावा आणि ओळखा! हे कोणी शिकवलं?’ खाली तुझी गोष्ट. प्रत्येक पान चावून त्यातलं मीठ ओळखणारी आमची मावशी, आणि तिची विद्या गिळणारं कॉलेज. वाक्यं चांगली जमली होती. कॉलेजच्या फाटकावर वाटलं, बसस्थानकावर वाटलं, आठवडी बाजारात वाटलं. लोक थांबून वाचत होते. मला वाटलं, हे माझं सगळ्यात चांगलं पत्रक.

ते पत्रक चिचगडच्या योगिताने सहलीच्या पिशवीत घालून नेलं. शेवटच्या वर्षाची मुलगी, अभ्यासू, तुझ्याबद्दल वाचून भारावलेली. खाडीवर पोचल्यावर तुझी ती ओळ लागायच्या आधीच ती एकटी पुढे गेली. चकचकीत पानांचं एक झुडूप दिसलं, काही पानं लाल झालेली, जांभळीच्या कोवळ्या फांदीसारखं. तिने पान तोडलं आणि चावलं. ते हुरी होतं. हुरीचा चीक पांढरा, दुधासारखा, आणि जिथे लागेल तिथे भाजतो. तिचं तोंड आतून सोललं, ओठ सुजले. तोच हात डोळ्याला लागला आणि दोन दिवस तिचा एक डोळा उघडला नाही. तू तिला मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत डोळ्यावर पाणी सोडत होतीस, असं पोरींनी मला नंतर सांगितलं. वाटेत तू तिला एकदाही ओरडली नाहीस म्हणे. फक्त विचारलंस, चावायचं कोनं सांगितलं? तिने पिशवीतून माझा कागद काढून दिला.

सहल परत आली त्या दुपारी तू माझ्या दारात उभी होतीस, तशीच, गाडीच्या प्रवासातली, पातळाच्या काठाला अजून वाळलेला चिखल. पाणी घेतलं नाहीस. कागद उघडून माझ्यासमोर धरलास.

‘हे कोनं लिहलं?’

‘मीच. माहीत आहे ना तुला.’

‘मी कधी म्हनलं चावा?’

मी हसायचा प्रयत्न केला. तू जिभेला पान लावायचीस की नाही? लावायचीस. मग तेच ते. मथळ्यात किती मावणार? तू माझ्याकडे असं बघितलंस जसं त्या माचुळाच्या सरांकडे बघितलं होतंस. आणि बोटांवर मोजत सांगितलंस, जे माझ्या तुकडीला ओळीत उभं करून सांगितलं होतंस आणि जे मी कागदावर उतरवताना खाली टाकून दिलं होतं. मोड. पाह्य. थांब. मंग टेकव. आधी पान मोडायचं. तुटल्या जागी बघायचं. जरा थांबायचं, कारण चीक कधीकधी हळू येतो. पांढरं दिसलं तर फेकायचं आणि हात धुवायचे. नाही दिसलं, आणि झाड तू दाखवलेलं असलं, तरच जिभेच्या टोकाला टेकवायचं आणि थुंकायचं.

‘टेकव म्हनलं मी. चावा हा तुह्या घरचा शब्द होय.’

चार शब्द होते तुझे, मावशी. चारही क्रियापदं. मथळ्याला यापेक्षा चांगलं काही मिळालं नसतं. त्यातले तीन मी कापले आणि चौथा बदलला, कारण ‘टेकवा’ वाचायला मिळमिळीत वाटतं. चावा, हा कसा शब्द आहे! दात आहेत त्याला. माझ्यासारख्या मुलीला असा शब्द सापडला की ती खरंखोटं बघत नाही.

तू म्हणालीस, दुसरं पत्रक काढ, मोठ्या अक्षरात, चुकलं म्हणून सांग. मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं तेही लिहिते. पत्रकामुळे कॉलेजने पुस्तिकेवर बैठक लावली होती. अशा वेळी आपणच चूक कबूल केली तर ते म्हणतील, बघा, हिचं सगळंच खोटं. मी तुला डावपेच समजावत होते. बैठक होऊ दे, मग छापू. आता छापलं तर त्यांच्या बाजूने जाईल.

तू पायऱ्या उतरता उतरता वळून म्हणालीस, ‘त्या पोट्टीचं तोंड सोललं ते कोनाच्या बाजूनं गेलं?’

मी तुझ्या मागे पायऱ्या उतरत पुन्हा बैठकीचंच सांगू लागले. 

पुढे तू बोलली नाहीस. बाजारात दिसलीस की वांगी निवडण्यात गुंग व्हायचीस. मी दोनदा प्रयोगशाळेत आले, दोन्ही वेळा तू आत भांड्यांचा इतका आवाज केलास की बाहेरून हाक ऐकूच जाऊ नये. रागावलेली माणसं मला कळतात. त्यांच्याशी मी भांडू शकते. तू भांडतही नव्हतीस. तू माझ्या दुरुस्तीची वाट बघत होतीस.

बैठक झाली. आपण जिंकलो, असं मी सगळ्यांना सांगितलं. पुस्तिकेच्या उरलेल्या प्रतींत आभाराची चिठ्ठी चिकटवायचं कॉलेजने मान्य केलं: ‘या कामी प्रयोगशाळा परिचर श्रीमती सुकवंता बिसेन यांचे सहकार्य लाभले.’ सहकार्य! तरी मी धावत तुझ्याकडे आले. चिठ्ठीचा नमुना तुझ्या हातात दिला. तू तो न वाचता खाटेवर ठेवलास.

‘आनि माह्यं छापलं का?’

मी म्हटलं, आता छापते, या आठवड्यात नक्की. तू मान हलवलीस आणि आत गेलीस. त्या आठवड्यात एसटीचं आंदोलन आलं. पुढच्या आठवड्यात वनहक्काची सुनावणी आली. कामं खरी होती, मी खोटं सांगत नाही. पण एका कागदाला किती वेळ लागतो हे मला चांगलं माहीत आहे. तो माझा धंदाच आहे. मी छापलं नाही कारण मला छापायचं नव्हतं. मग एक दिवस तुझ्या सुनेचा फोन आला.

मला राग कशाचा येतो सांगू? कॉलेजने शोकसभेच्या फळ्यावर तुझं नाव ‘सुखवंता’ लिहिलं, त्याचा. इतकी वर्षं काम केलेल्या बाईचं नाव नीट लिहिता येत नाही. मी खडू घेऊन दुरुस्त केलं आणि मागे वळले, तर चिचगडच्या दोन मुली उभ्या होत्या. त्यातली एक दुसरीच्या कानात काहीतरी कुजबुजली. ती काय म्हणाली असेल ते मला ऐकू न येताही कळलं. फळ्यावरची चूक दुरुस्त करायला मी केवढ्या तत्परतेने गेले होते.

त्या संध्याकाळी दुरुस्तीचा मजकूर लिहिला. तुझे चार शब्द तुझ्या क्रमाने घातले. पाठ होते, तरी खात्री वाटेना. तपासायला तू नाहीस. सर तपासतील यावर माझा विश्वास नाही. मग सकाळच्या एसटीने चिचगडला गेले, योगिताकडे. ती अंगणात मोहफुलं निवडत बसली होती. तिचा डोळा बरा आहे, मावशी. खालच्या ओठावर एक फिकट डाग आहे, बोलताना दिसतो. तिच्या आईने मला चहा दिला आणि त्याच दमात म्हणाली, तुम्हीच का त्या कागदवाल्या? मी हो म्हटलं. ती आत निघून गेली.

योगिताने मजकूर हळूहळू वाचला, ओठ हलवत. तुझे शब्द बरोबर आहेत म्हणाली. दवाखान्यातून परत येताना तू तिच्याकडून ते गाडीत पाठ करून घेतले होतेस, बोटांवर मोजत. पुढच्या साली नव्या पोरींना हे तिनेच सांगायचं, असं बजावलं होतंस. मग तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं: ‘मागील पत्रकात अनवधानाने चुकीचा मजकूर छापला गेला.’

‘ताई, छापला गेला म्हंजे? आपोआप गेला का?’

मी म्हटलं, असंच लिहितात, ही पद्धत आहे.

‘कॉलेजनं बी असंच लिहलं होतं ना, विभागानं विकसित केलेली. तुमीच तं भांडल्या होत्या, कोनं केली त्याचं नाव लिहा म्हून.’ ती परत मोहफुलांकडे वळली. ‘मंग इथं कोनं केलं?’

मी तिथेच पायरीवर बसून ती ओळ खोडली. तू दारात उभी राहून मागत होतीस ते हेच होतं, आणि मला वाटत होतं की तू कागद मागते आहेस. तुझं नाव नाही म्हणून मी गावभर बोंब मारली. माझं नाव घालायची वेळ आली तेव्हा मला व्याकरण आठवलं.

गोंदियाला छापखान्यात गेले. तिथले भाईजी जुळणी करताना चष्म्यावरून बघायला लागले. म्हणाले, ‘मॅडम, इतने साल से पर्चे छाप रहा हूँ, अपनी ही गलती का पर्चा लेके पहली बार कोई आया है.’ नाव थोड्या लहान अक्षरात टाकू का, असंही विचारलं, चांगल्या मनाने. मी म्हटलं, मागच्या मथळ्याचा होता तोच टाइप लावा.

छापलेल्या दुरुस्तीला या पत्राची झेरॉक्स जोडून उद्या हा कागद तुझ्या दारात वाटेन. पंगतीतले लोक म्हणतील, तेरवीच्या दिवशी हिला हेच सुचलं. म्हणू देत. उरलेल्या प्रती योगिता नेणार आहे. यंदाच्या सहलीत मुलींसोबत बाई कर्मचारी म्हणून कोण जाणार ते अजून ठरलेलं नाही, पण ती स्वखर्चाने जाते म्हणाली. मला ये म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

तू आता मला माफ करू शकत नाहीस आणि माफ करायला नकारही देऊ शकत नाहीस. दोन्ही माझ्याकडेच राहिलं. कशासाठी तरी तू मला ओरडायला हवी होतीस, निदान उशिरासाठी. पुस्तिकेचं पाचवं पान वाचलं होतंस तसा चष्मा लावून हा कागद वाचायला हवा होतास. बरोबर लिहिलं आहे की नाही, एवढंच सांगायला.

चूक दुरुस्ती

मागच्या पत्रकातलं ‘चावा आणि ओळखा’ हे वाक्य सुकवंता मावशीचं नाही. ते मी लिहिलं. तिने तसं कधीही सांगितलं नव्हतं. ती म्हणायची: मोड, पाहा, थांब, मग टेकव. पान मोडल्यावर पांढरा चीक दिसला तर ते फेकून द्या, हात धुवा, डोळ्यांना लावू नका. जाणत्या माणसाने दाखवल्याशिवाय कोणतंही पान तोंडाजवळ नेऊ नका. माझं वाक्य खरं मानून योगिताने हुरीचं पान चावलं आणि तिला इजा झाली. मावशीने मला तेव्हाच दुरुस्ती छापायला सांगितली होती. ती असेपर्यंत मी छापली नाही.

प्रणाली कापगते, अर्जुनी मोरगाव